बोलणारे आणि गप्प राहणारे : कामाच्या ठिकाणी मत मांडणे आणि माणसाचा स्वभाव

महाभारतातील द्यूतसभेचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. द्रौपदीने सभेला एक प्रश्न विचारला आणि सभा निरुत्तर झाली. भीष्म, द्रोण, कृप यांच्यासारखे ज्ञानवृद्ध आणि वयोवृद्ध तेथे उपस्थित होते. धर्माची गती सूक्ष्म आहे, असे सांगून भीष्मांनी निर्णय टाळला. विदुराने विरोध केला, परंतु त्याच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. अखेरीस उठला तो दुर्योधनाचाच एक धाकटा भाऊ विकर्ण. द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असे त्याने भर सभेत सांगितले. कर्णाने त्याला पोरकट ठरवले आणि सभेचे कामकाज पुढे चालू राहिले.

या प्रसंगात दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. ज्यांच्या शब्दाला वजन होते ते गप्प का राहिले आणि ज्याच्या शब्दाला वजन नव्हते तो का बोलला, हा पहिला प्रश्न. बोलणारा बोलल्यावर सभेने त्याचे काय केले, हा दुसरा. पहिला प्रश्न माणसाच्या स्वभावाकडे नेतो, दुसरा सभेच्या रीतीकडे. कारखाना, बँक, रुग्णालय, शाळा किंवा सरकारी कचेरी यांतील कोणताही कर्मचारी वरिष्ठासमोर मत मांडावे की मांडू नये अशा पेचात सापडतो, तेव्हा हे दोन्ही प्रश्न पुन्हा उभे राहतात. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच आहे.

प्रथम 'मत मांडणे' म्हणजे काय ते स्पष्ट केले पाहिजे. जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांजवळ केलेली कुरकुर म्हणजे मत मांडणे नव्हे. कामातील दोष, धोका, अन्याय किंवा सुधारणेचा एखादा उपाय जो माणूस त्याबाबत काही करू शकेल अशा माणसाच्या कानावर आपण होऊन घालणे, एवढाच त्याचा येथे अर्थ आहे. नेमून दिलेल्या कामात ही गोष्ट बसत नाही. ती केली नाही म्हणून कोणाचा पगार कापला जात नाही आणि केली म्हणून बक्षीस मिळेलच असेही नाही. म्हणूनच ती कोण करतो आणि कोण करीत नाही, हे पाहताना स्वभावाचा विचार अपरिहार्य ठरतो.

या विषयाच्या आधुनिक अभ्यासाला अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या ग्रंथाने चालना दिली. नायजेरियातील रेल्वेची अवस्था पाहताना त्यांना एक कोडे पडले होते. मालमोटारींची स्पर्धा असूनही ही रेल्वे सुधारत का नव्हती? त्यांना सापडलेले उत्तर असे की, जे ग्राहक सर्वांत चोखंदळ होते आणि ज्यांनी तक्रारींचा पाठपुरावा केला असता, तेच प्रथम मालमोटारींकडे वळले. मागे राहिले ते सोसणारे. यावरून हर्शमन यांनी असे प्रतिपादन केले की, संस्थेची घसरण दिसू लागली म्हणजे माणसापुढे दोन मार्ग असतात : सोडून जाणे किंवा बोलणे. यांपैकी कोणता मार्ग निवडला जाईल, यावर निष्ठेचा प्रभाव पडतो. निष्ठा असली की माणूस लगेच सोडून जात नाही, बोलून पाहतो.

रामायण जाणणाऱ्या वाचकाला ही मांडणी लंकेत ओळखता येईल. रावणाच्या दोन्ही भावांनी त्याला स्पष्ट शब्दांत दोष दिला. विभीषणाचा शब्द मानला गेला नाही, तेव्हा तो लंका सोडून गेला. कुंभकर्णानेही भर सभेत रावणाची चूक दाखवली, पण नंतर तो त्याच्याच बाजूने लढण्यास उभा राहिला. दोघांनी पाहिलेली चूक एकच होती. मार्ग मात्र निरनिराळे झाले. परिस्थिती तीच असूनही माणसे वेगवेगळी वागतात, या साध्या निरीक्षणापासूनच स्वभावाच्या मानसशास्त्राचा आरंभ होतो.

स्वभावाचे वर्णन करण्यासाठी भाषेत शब्दांची वाण नाही. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९३६ साली इंग्रजीच्या एका बृहत्कोशातून माणसांमधील भेद दर्शवणारे जवळजवळ १८,००० शब्द काढले. टिकाऊ स्वभावविशेष दर्शवणारे शब्द त्यांत सुमारे ४,५०० होते. पुढील अर्धशतकात अनेक संशोधकांनी त्यांची छाननी व वर्गवारी केली. १९८० च्या दशकापर्यंत पाच मोठ्या परिमाणांवर बऱ्याच अभ्यासकांचे मतैक्य होत गेले. ही परिमाणे म्हणजे बहिर्मुखता, सौजन्यशीलता, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थैर्य आणि नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा. प्रत्येक माणसात ही पाचही असतात. फरक असतो तो प्रमाणाचा. एखाद्याची उंची सांगावी त्याप्रमाणे त्याची बहिर्मुखताही कमी, मध्यम किंवा अधिक अशी सांगता येते.

आता या पाच परिमाणांचा बोलण्याशी काय संबंध आहे ते पाहू. बहिर्मुख माणसाला चारचौघांत बोलण्याचा ताण कमी वाटतो. बैठकीत शांतता पसरली की ती मोडावीशी त्याला वाटते. कर्तव्यदक्ष माणूस वेगळ्या कारणासाठी बोलतो. हिशेबात राहिलेली चूक किंवा यंत्राचा सैल झालेला भाग त्याला स्वस्थ बसू देत नाही. बोलणे त्याला आवडते असे नाही, पण काम बिघडलेले त्याला पाहवत नाही. मोकळ्या मनाच्या माणसाला 'हे असेच का?' असा प्रश्न सहज पडतो. याउलट ज्याच्या मनाला काळजी लवकर घेरते, त्याला धोका कदाचित इतरांच्या आधी दिसतो. परंतु बोलल्यावर काय होईल या विचारानेच त्याची जीभ अडखळते. सर्वांत आधी पाहणारा सर्वांत शेवटी बोलतो, असा हा दुर्दैवी योग आहे.

सौजन्यशील माणसाची गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तो सर्वांच्या उपयोगी पडतो, रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचे काम आपण होऊन करतो आणि भांडण मिटवतो. कोणत्याही संस्थेला अशी माणसे हवीच असतात. तथापि जेफ्री लपाइन आणि लिन व्हॅन डाइन यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, सौजन्यशीलता अधिक असलेल्या व्यक्ती सहकार्य अधिक करतात, पण प्रचलित पद्धतीविरुद्ध मत मात्र कमी मांडतात. कर्तव्यदक्षतेचा संबंध मात्र सहकार्य आणि मत मांडणे या दोहोंशी अनुकूल दिसला. एकच गुण एका कामाला पोषक आणि दुसऱ्याला मारक ठरू शकतो, हा या अभ्यासाचा बोध होय. 'चांगला माणूस' आणि 'वेळेवर बोलणारा माणूस' हे एकच असतील असे गृहीत धरता येत नाही. मतभेदाचे शब्द उच्चारले की संबंध दुखावतात, ही भीती सज्जनालाच अधिक असते.

बोलण्याचेही प्रकार आहेत. चिनी कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून २०१२ साली पुढे आलेल्या एका संशोधनात त्याचे दोन भाग केले गेले : सुधारणा सुचवणे आणि धोका दाखवणे. 'पाळी बदलताना नोंदवही अशी ठेवली तर काम सोपे होईल' हे पहिल्या प्रकारचे बोलणे. 'या बॉयलरची झडप नीट चालत नाही, तो बंद करावा' हे दुसऱ्या प्रकारचे. पहिल्यात वरिष्ठाला श्रेय मिळू शकते. दुसऱ्यात कोणाचा तरी दोष उघड होतो. म्हणून उत्साही माणूस सुधारणा सहज सुचवतो, पण धोका दाखवण्यासाठी उत्साह पुरा पडत नाही. तेथे आपल्याला इजा होणार नाही असा विश्वास लागतो.

आणखी एक स्वभावभेद मार्क स्नायडर यांनी १९७४ साली मांडला. काही माणसे समोरच्याचा चेहरा वाचून स्वतःचे वागणे सतत जुळवून घेतात. काही माणसे आत एक आणि बाहेर एक असे फारसे करू शकत नाहीत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले की, जुळवून न घेणाऱ्या माणसांचा वरिष्ठांवरील विश्वास वाढला, वरिष्ठ ऐकून घेतात असे त्यांना वाटू लागले, की ती अधिक मोकळेपणाने बोलू लागतात. म्हणजे स्पष्टवक्ता समजला जाणारा माणूसही वातावरणाकडे पाहूनच बोलत असतो.

येथपर्यंतचे विवेचन ऐकून एखादा अधिकारी म्हणेल, 'मग प्रश्न सोपा आहे. बहिर्मुख, कर्तव्यदक्ष आणि निर्भय माणसे निवडून घ्यावीत, म्हणजे कोणतीही गोष्ट दडून राहणार नाही.' हा निष्कर्ष घाईचा आहे. स्वभावाचा प्रभाव खरा असला तरी तो मर्यादित आहे.

सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात केलेले प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहेत. एका रेषेच्या लांबीची बरोबरी तीन रेषांपैकी कोणत्या रेषेशी होते, एवढाच प्रश्न होता. उत्तर लहान मुलालाही सांगता येईल असे होते. परंतु खोलीतील इतर सर्व जण आधी ठरवून चुकीचे उत्तर देत. अशा वेळी खऱ्या प्रयुक्ताने सुमारे एकतृतीयांश वेळा बहुमताची चूक उचलली. सुमारे एकचतुर्थांश व्यक्ती मात्र एकदाही डळमळल्या नाहीत. हा स्वभावाचा भाग झाला. पण ॲश यांनी पुढे एक लहानसा बदल केला. इतरांपैकी एकाने बरोबर उत्तर द्यावे अशी योजना केली आणि बहुमताला शरण जाण्याचे प्रमाण शेकडा पाच-सहापर्यंत उतरले. माणसांचे स्वभाव एका दुपारीत बदललेले नव्हते. शेजारी एक सोबती मिळाला होता, एवढेच.

प्रयोगशाळेबाहेर याची किंमत फार मोठी असते. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरीफ येथील विमानतळावर दाट धुक्यात दोन प्रचंड जंबो विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या डच विमानाचा कप्तान हा त्या कंपनीचा अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक होता. समोरचे अमेरिकन विमान धावपट्टीवरून अद्याप बाजूला झालेले नसावे, अशी शंका विमानातील अभियंत्याला आली. त्याने ती प्रश्नरूपाने बोलूनही दाखवली. कप्तानाने ठामपणे उत्तर दिले आणि विमान धावत राहिले. अभियंत्याने पुन्हा विचारले नाही. सहवैमानिकही काही बोलला नाही.

अशा घटनेनंतर 'हा संस्कृतीचा दोष' असे म्हणण्याचा मोह होतो. खेर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाने एका मोठ्या बहुराष्ट्रीय कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून १९८० साली एक निर्देशांक मांडला होता. वरिष्ठ व कनिष्ठ यांतील अंतर लोक किती स्वाभाविक मानतात, हे त्यावरून कळते. त्यात भारताचा अंक ७७ आहे आणि नेदरलँड्सचा ३८. म्हणजे भारतीय कर्मचारी साहेबापुढे बोलण्यास अधिक बिचकतो, असे मानण्यास आधार आहे. परंतु टेनेरीफच्या त्या विमानातील माणसे भारतीय नव्हती. ज्या देशात वरिष्ठाशी वाद घालणे तुलनेने सोपे समजले जाते, त्या देशातील होती. तेव्हा केवळ राष्ट्रीय स्वभावाकडे बोट दाखवून सुटका होत नाही. अधिकार, घाई आणि अनिश्चितता एकत्र आली की कोणत्याही देशातील माणसाचा आवाज खाली येतो.

अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमातील दोन अपघात शेजारी ठेवून पाहिले तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातील सातही जण ठार झाले. अग्निबाणाचे सांधे बंद ठेवणारी रबरी कडी थंडीत लवचीक राहत नाहीत, हे अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीतील अभियंत्यांना ठाऊक होते. रॉजर बॉइजोली यांनी ३१ जुलै १९८५ रोजी तसे लेखी कळवले होते. उड्डाणाच्या आदल्या रात्री दूरध्वनीवरील बैठकीत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने उड्डाण थांबवण्याचा आग्रह धरला. तेव्हा कंपनीच्या एका वरिष्ठाने तांत्रिक विभागाच्या प्रमुखाला अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालण्यास सांगितले आणि शिफारस फिरवली गेली. कंपनीचे दुसरे अधिकारी ॲलन मॅक्डॉनल्ड यांनी संमतिपत्रावर सही करण्यास नकार दिला. सही दुसऱ्याने केली. येथे बोलण्याचे धैर्य कमी पडले नाही. कमी पडले ते ऐकणे.

सतरा वर्षांनंतर, १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या उड्डाणाच्या वेळी फेसाचा एक तुकडा त्याच्या पंखावर आदळला. हानी किती झाली हे पाहण्यासाठी कक्षेतील यानाची छायाचित्रे घ्यावीत, असे काही अभियंत्यांना वाटत होते. तशी विनंती झाली. ती पुढे सरकली नाही. एका अभियंत्याने अत्यंत कडक शब्दांत पत्र लिहिले. पुढे चौकशी मंडळाच्या अहवालात ते छापले गेले, पण त्याने ते कधी पाठवलेच नव्हते. अधिकाराची साखळी ओलांडणे त्याला प्रशस्त वाटले नाही. १ फेब्रुवारी रोजी यान परत येताना फुटले. त्यातील सात अंतराळवीरांत हरियाणातील कर्नालची कन्या कल्पना चावला होती. चॅलेंजरच्या वेळी बोललेले ऐकले गेले नाही. कोलंबियाच्या वेळी लिहिलेले पाठवले गेले नाही. या दोहोंत कार्यकारणाचा धागा असू शकतो. जेथे बोलणाऱ्यांचे काय होते हे सर्वांनी पाहिलेले असते, तेथे पुढची पिढी पत्र लिहून खिशात ठेवते.

बोलणाऱ्यांचे काय होते? बॉइजोली यांनी चौकशी आयोगापुढे सत्य सांगितले. त्यानंतर सहकाऱ्यांनी त्यांना जवळजवळ वाळीत टाकले आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. मॅक्डॉनल्ड यांना प्रथम खालच्या कामावर टाकण्यात आले. लोकप्रतिनिधींनी हस्तक्षेप केल्यावर त्यांना परत घेतले गेले आणि अग्निबाणाच्या नव्या रचनेचे काम त्यांच्याकडे सोपवले गेले. हे मोठ्या घटनांचे झाले. रोजच्या नोकरीतही चित्र फार निराळे नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात चाळीस कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. त्यांपैकी शेकडा ८५ जणांनी सांगितले की, एखादी महत्त्वाची गोष्ट वरिष्ठांना सांगावीशी वाटूनही निदान एकदा तरी आपण ती सांगू शकलो नाही. सर्वाधिक वेळा दिलेले कारण नोकरी जाण्याचे नव्हते. 'कटकट्या' असा शिक्का बसण्याचे होते. ही भीती निराधारही नाही. २००१ सालच्या एका अभ्यासात, जे कर्मचारी अधिक वेळा मत मांडत, त्यांची पुढील दोन वर्षांत पगारवाढ व बढतीच्या बाबतीत तुलनेने पीछेहाट झालेली आढळली.

भारतात सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याचे नाव या संदर्भात घ्यावे लागते. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील गैरव्यवहाराविषयी त्यांनी २००२ साली पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र त्यांच्या नावासह कचेऱ्याकचेऱ्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. हत्येच्या हेतूविषयी वाद राहिला. गुप्ततेची विनंती पाळली गेली नाही, याविषयी वाद नाही. २००४ साली सरकारने एका ठरावाद्वारे अशा तक्रारी स्वीकारण्याचे व तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिले. तक्रारदारांना संरक्षण देणारा कायदा २०१४ साली झाला. पण त्यानंतर दहा वर्षे लोटली तरी तो अमलात आल्याची अधिसूचना निघाली नव्हती. शांत स्वभावाच्या माणसाला 'धीट हो' असे सांगणाऱ्यांनी या घटनाक्रमाकडे एकवार पाहावे. न बोलणाऱ्याचे मौन हा नेहमीच भित्रेपणा नसतो. पुष्कळदा तो एक अचूक हिशेब असतो.

म्हणून संस्थेने कर्मचाऱ्यांचा स्वभाव बदलण्याच्या फंदात न पडता हिशेबाची मांडणी बदलावी, हे अधिक शहाणपणाचे आहे. असे करता येते याची उदाहरणे आहेत.

पहिले उदाहरण विमानवाहतुकीचेच. टेनेरीफ आणि तशा इतर अपघातांनंतर १९७९ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने एक परिषद भरवली आणि १९८० च्या दशकात विमानकर्मचाऱ्यांना एकत्रितपणे काम करण्याचे नवे शिक्षण सुरू झाले. त्यात कनिष्ठाला बोलण्याची रीत शिकवली जाते. कप्तानाला नावाने किंवा पदाने हाक मारावी, आपल्याला काळजी वाटते हे सांगावे, अडचण थोडक्यात मांडावी, उपाय सुचवावा, आणि 'हे मान्य आहे ना?' असे विचारावे. कप्तानालाही शिकवले जाते की, असा प्रश्न म्हणजे त्याच्या अधिकाराचा अवमान नव्हे. भिडस्त माणसाला ऐन वेळी धैर्य गोळा करावे लागत नाही. ठरलेले शब्द त्याच्या मदतीला येतात. मत मांडणे हा धाडसाचा विषय न राहता कामाचा भाग होतो.

दुसरे उदाहरण शस्त्रक्रियागृहाचे. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी-यादी आठ शहरांतील रुग्णालयांत वापरून पाहण्यात आली. त्यांत नवी दिल्लीचाही समावेश होता. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रुग्णमृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आणि गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा ११ वरून ७ वर आले. या यादीतील एक कलम दिसायला क्षुल्लक आहे : छेद घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगायचे. ज्या परिचारिकेने आरंभी एकदा तोंड उघडलेले असते, तिला पुढे 'डॉक्टर, थांबा' असे म्हणणे थोडे सोपे जाते.

तिसरे उदाहरण जपानमधील टोयोटा कारखान्याचे. तेथे कामगाराच्या हाताशी एक दोरी असे. दोष दिसला की त्याने ती ओढायची. दिवा लागे आणि गटप्रमुख धावत येई. दोष ठरलेल्या अंतरात निघाला नाही तर सारी साखळी थांबे. ज्याला चार वाक्ये बोलणे जड जाते, त्यालाही दोरी ओढता येते. या कंपनीने १९५१ सालापासून लेखी सूचनांचीही पद्धत ठेवली. म्हणजे अंतर्मुख माणसासाठी कागद, हातांनी काम करणाऱ्यासाठी दोरी आणि बोलक्या माणसासाठी बैठक, असे अनेक दरवाजे उघडे राहिले. एकच दरवाजा ठेवणारी संस्था एकाच स्वभावाची माणसे ऐकते.

दरवाजे असूनही वरिष्ठाचे वर्तन निर्णायक ठरते. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधविषयक चुकांचा अभ्यास केला, तेव्हा प्रथमदर्शनी विपरीत वाटणारी गोष्ट दिसली : ज्या विभागांचे नेतृत्व चांगले, तेथे चुकांची नोंद अधिक. तेथे चुका अधिक होत नव्हत्या. त्या सांगितल्या जात होत्या. २००७ साली उपाहारगृहांच्या एका साखळीत झालेल्या अभ्यासातही असे आढळले की, वरिष्ठाचे मन मोकळे असले की कर्मचारी बोलतात आणि याचा परिणाम उत्तम काम करणाऱ्यांवर सर्वाधिक होतो. भारताच्या अंतराळ कार्यक्रमातील एक प्रसंग या ठिकाणी आठवतो. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण अयशस्वी झाले. प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते. परंतु पत्रकारांना सामोरे जाऊन अपयशाची जबाबदारी संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन यांनी स्वतःकडे घेतली. १८ जुलै १९८० रोजी उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा पत्रकारांशी बोलण्यास त्यांनी कलामांना पुढे केले. कलामांनी हा प्रसंग पुढे अनेक व्याख्यानांतून सांगितला. वरिष्ठ अपयश स्वतःवर घेतो हे एकदा दिसले, म्हणजे हाताखालच्या माणसाला वाईट बातमी सांगण्याची भीती उरत नाही.

भारतीय कायद्यानेही बोलण्याच्या जागा निर्माण करण्याचा प्रयत्न केला आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी वर्क्स कमिटीची तरतूद होती. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ४३-अ हे कलम घालून कामगारांच्या व्यवस्थापनातील सहभागाला मार्गदर्शक तत्त्वांत स्थान दिले. समित्या पुष्कळ झाल्या. पण जेथे अध्यक्षाच्या खुर्चीतील साहेब प्रथम स्वतःचे मत सांगून मग 'कोणाला काही बोलायचे आहे का?' असे विचारतो, तेथे समितीचे इतिवृत्त कोरेच राहते. क्रम उलटा केला, सर्वांत कनिष्ठाला प्रथम आणि साहेबाला शेवटी बोलू दिले, तर एक पैसाही खर्च न होता पुष्कळ फरक पडू शकेल.

अखेरीस, स्वभावाचे ज्ञान कशासाठी वापरायचे? माणसांना 'धीट' आणि 'भित्री' अशा दोन रांगांत उभे करण्यासाठी नव्हे. वरिष्ठाने ते आपल्या विभागाकडे पाहण्यासाठी वापरावे. जो नेहमी बोलतो त्याचे ऐकावेच. पण जो सर्वांच्या उपयोगी पडतो आणि कधीच विरोध करीत नाही, त्याला बैठकीनंतर एकट्याला विचारावे. ज्याला काळजी फार वाटते त्याची थट्टा करू नये. धोका प्रथम त्यालाच दिसलेला असू शकतो. कर्मचाऱ्यानेही स्वतःचा स्वभाव ओळखावा. ज्याला भर सभेत बोलवत नाही त्याने लिहून द्यावे; ज्याला एकट्याने बोलवत नाही त्याने एक सोबती शोधावा. एका सोबत्याने किती फरक पडतो हे ॲश यांच्या प्रयोगाने दाखवलेलेच आहे.

द्यूतसभेत विकर्णाला असा सोबती मिळाला नाही. विदुर तेथेच होता, त्याचेही मत तेच होते. तरीही इतर ज्येष्ठांपैकी कोणी त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला नाही. त्या मौनाची किंमत पुढे साऱ्या कुलाला मोजावी लागली. कोणत्याही कारखान्यात, कचेरीत किंवा रुग्णालयात एक तरी विकर्ण असतोच. तो बोलेल की नाही, हे काही अंशी त्याच्या स्वभावावर अवलंबून असते. बोलल्यावर तो एकटा पडेल की नाही, हे मात्र सर्वस्वी इतरांच्या हाती असते.